श्रीमंती आली म्हणून अमेरिकेतले कारखाने सुधारले का? एका सेफ्टी ऑफिसरचं उत्तर

प्रश्न विचारणारा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की पुस्तकात वाचलं तर अमेरिकेत १८२० च्या सुमारास गिरण्या आल्या, मग रेल्वे आली, पोलाद आलं, देश श्रीमंत झाला आणि त्यानंतर कुठे कामगारांचे कायदे झाले, म्हणजे आधी पैसा आणि मग सुधारणा हाच क्रम बरोबर, तर मग गरीब देशांनी कायद्यांची एवढी घाई कशाला करायची?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही हे आधीच सांगून टाकतो. सत्तावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली, आधी सूतगिरणीत आणि मग गारमेंटमध्ये. अमेरिकेचा हा इतिहास मी वाचायला लागलो तो नोकरीपायीच, कारण आमच्या ट्रेनिंगमध्ये न्यूयॉर्कच्या एका आगीची केस शिकवतात आणि ती वाचताना मला वाटलं की हे आपल्याच कुठल्यातरी युनिटचं वर्णन चाललंय. तेव्हा उत्तर त्याच नजरेने देतोय, ॲक्सिडेंट रिपोर्ट वाचतो तसं. एकानंतर दुसरं आलं म्हणजे एकामुळे दुसरं आलं असं आमच्या धंद्यात कुणी लिहीत नाही, लिहिलं तर साहेब रिपोर्ट परत पाठवतात.

२५ मार्च १९११, शनिवार, पगाराचा दिवस, दुपारचे पावणेपाच व्हायला आलेले. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ ॲश बिल्डिंग नावाची दहा मजली इमारत होती, तिचे वरचे तीन मजले ट्रायंगल शर्टवेस्ट कंपनीकडे. शर्टवेस्ट म्हणजे बायकांचा ब्लाउज, तेव्हा त्याची जबरदस्त फॅशन होती. कामाला पाचशेच्या आसपास माणसं, बहुतेक सगळ्या पोरी, इटलीतून आलेल्या नाहीतर पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरातल्या, बऱ्याचजणी विशीच्या आतबाहेर आणि काही चक्क चौदा वर्षांच्या.

आग लागली आठव्या मजल्यावर, कटिंग टेबलखाली. ज्याने गारमेंट पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको, कापडाचे थर एकावर एक लावतात, कापलं की कात्रण उरतं आणि ते टेबलखालच्या पेटीत ढकलायचं. पातळ सुती कापड आणि सोबत टिश्यू पेपर, याच्याइतकं भराभर पेटणारं दुसरं काही नाही. कात्रण उचलणारा भंगारवाला शेवटचा येऊन गेला होता जानेवारीत, म्हणजे दोन महिन्यांचं कात्रण तिथेच साठलेलं. कुणीतरी सिगरेट किंवा काडी टाकली असणार असा नंतर निष्कर्ष निघाला. जिन्यात पाण्याचा होज होता, मॅनेजरने तो ओढला, कॉक फिरवला, पाणीच आलं नाही. आठव्यावरून दहाव्या मजल्यावर फोन गेला, तिथे ऑफिस होतं आणि त्या दिवशी दोन्ही मालकही तिथेच होते, ब्लँक आणि हॅरिस. दहाव्यावरचे जवळपास सगळे गच्चीवर चढून शेजारच्या इमारतीवर निसटले, तिथे युनिव्हर्सिटीच्या मुलांनी शिड्या टाकून त्यांना वर घेतलं. मधल्या नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. घंटा नव्हती, काही नव्हतं, त्यांना आग दिसली तेव्हाच कळलं की आग लागलीये.

नवव्यावर २४० मशिनी, लांबलचक टेबलांना जोडून रांगेत लावलेल्या, मधे कपड्याच्या टोपल्या आणि खुर्च्या, म्हणजे पळायचं तरी कुठून. जिने दोन. ग्रीन स्ट्रीटच्या बाजूचा जिना धुराने आणि ज्वाळांनी बंद झाला. वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूच्या दाराला कुलूप. का, तर सुटताना सगळ्या पोरींनी एकाच दाराने जायचं आणि वॉचमनला पर्स उघडून दाखवायची, कुणी ब्लाउज चोरून नेत नाही ना म्हणून. मागच्या बाजूला फायर एस्केप, म्हणजे आगीत बाहेरून उतरायचा लोखंडी जिना होता, अरुंद, खाली रस्त्यापर्यंत न जाणारा, तो माणसांच्या वजनाने वाकला आणि कोसळला. लिफ्टवाले दोघे, झिटो आणि मोर्तिलारो, जमतील तेवढ्या खेपा करत राहिले, शेवटी पोरी शाफ्टमध्ये उड्या टाकायला लागल्या तेव्हा लिफ्ट हलेना. फायर ब्रिगेड काही मिनिटांत पोचली होती, पण त्यांची सगळ्यात उंच शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच गेली. पन्नासच्या वर लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. अर्ध्या तासाच्या आत १४६ जीव गेले, १२३ बायका आणि मुली, २३ पुरुष.

बिल्डिंगला काही झालं नाही. ती फायरप्रूफ होती, आजही तिथेच उभी आहे, युनिव्हर्सिटीच्या लॅब आहेत आता तिच्यात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. १९११ सालचं न्यूयॉर्क गरीब होतं का? जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी एक होतं. कायदा नव्हता का? होता. कामाच्या वेळात कारखान्याच्या दाराला कुलूप, कडी, काही लावायचं नाही असं न्यूयॉर्कच्या लेबर लॉमध्ये स्वच्छ लिहिलेलं. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत हेही लिहिलेलं, फक्त पुढे दोन शब्द, ‘शक्य असेल तिथे’. तिथल्या जिन्याची शेवटची पायरी दाराला इतकी चिकटून होती की दार बाहेर उघडणं ‘शक्य’ नव्हतं, झालं काम. नियमाप्रमाणे त्या मजल्यांना तीन जिने हवे होते, आर्किटेक्टने दोन दिले आणि मागचा लोखंडी सांगाडा तिसरा जिना म्हणून दाखवला, तो चालवून घेतला. इमारत दीडशे फुटांच्या वर असती तर लाकडी फरशी आणि लाकडी चौकटी चालल्या नसत्या, ही होती १३५ फूट. हे असले हिशेब वाचले की मला हसायलाही येतं आणि अंगावर काटाही येतो, कारण ड्रॉइंग पास करून घेताना हेच हिशेब मी डोळ्यांनी पाहिलेत.

बरं, टेक्नॉलॉजी नव्हती असंही नाही. हा भाग पुस्तकात नसतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. न्यू इंग्लंडच्या कापड गिरणीवाल्यांना आगीचा फार धाक होता, कापसाची धूळ आणि तेलाने भिजलेली लाकडी फरशी, ठिणगी पडली की गिरणी साफ. ऱ्होड आयलंडचा झकरिया ॲलन नावाचा गिरणीवाला होता, त्याने आपल्या गिरणीत आगीची सगळी काळजी घेतली आणि विमा कंपनीकडे प्रीमियम कमी करायला मागितला, कंपनी म्हणाली सगळ्या गिरण्यांना एकच रेट. मग त्याने १८३५ मध्ये इतर गिरणीवाल्यांना गोळा करून स्वतःचीच म्युच्युअल विमा कंपनी काढली, म्हणजे विमा घेणारेच तिचे मालक, ज्याची गिरणी चांगली त्यालाच आत घ्यायचं, इन्स्पेक्टर पाठवायचे, आणि नुकसान कमी झालं की प्रीमियमचे पैसे परत. पुढे पार्मली नावाच्या माणसाने १८७४ मध्ये ऑटोमॅटिक स्प्रिंकलर बनवला, ग्रिनेलने १८८० च्या दशकात तो सुधारला, आणि या म्युच्युअलवाल्यांनी गिरण्यागिरण्यांत तो बसवून घेतला. म्हणजे ट्रायंगलच्या आगीच्या आधी पंचवीस तीस वर्षं छतातून आपोआप पाणी पडायची सोय बाजारात विकत मिळत होती, आणि कापसाच्या गाठींवर ती बसलेली होती. ॲश बिल्डिंगमध्ये एकही स्प्रिंकलर नव्हता.

का नव्हता, तर न्यूयॉर्कच्या विम्याचं गणितच वेगळं होतं. तिथे ब्रोकरला प्रीमियमवर टक्केवारी मिळायची, रिस्क जास्त तर प्रीमियम जास्त आणि ब्रोकरचा वाटाही जास्त, त्यामुळे आग कमी व्हावी यात कुणालाच फार रस नाही. ट्रायंगलमध्ये १९०२ सालीही आगी लागल्या होत्या आणि विम्याचे पैसे मिळालेही होते. १९११ च्या आगीत मालकांना नुकसानीपेक्षा अंदाजे साठ हजार डॉलर जास्त मिळाले. दिवाणी दाव्यांमध्ये १९१४ साली तडजोड झाली तेव्हा मेलेल्या मुलीमागे घरच्यांना मिळाले ७५ डॉलर. भागाकार करा, एका मृत्यूमागे मालकाला चारशे मिळाले आणि आईबापांना पंच्याहत्तर.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पैसा होता, यंत्र होतं, कायदाही होता. दार उघडं ठेवायला ज्या दोन गोष्टी लागतात त्या नव्हत्या, एक म्हणजे येऊन दार ढकलून बघणारा माणूस, आणि दुसरी म्हणजे माणूस मेला तर मालकाच्या खिशाला बसणारा चटका. अमेरिकेतल्या सुधारणांचा सगळा इतिहास मी तरी या दोन गोष्टी मिळवायचा इतिहास म्हणून वाचतो.

मागे जाऊ या थोडं. मॅसॅच्युसेट्समधलं लॉवेल शहर, १८२० च्या दशकात वसलेलं, नाव ज्याच्यावरून ठेवलं तो फ्रान्सिस कॅबट लॉवेल इंग्लंडमध्ये जाऊन पॉवरलूम डोक्यात साठवून आला होता कारण यंत्रांचे नकाशे बाहेर न्यायला इंग्रजांची बंदी होती. तिथे कामाला शेतकऱ्यांच्या मुली ठेवल्या, कंपनीच्या बोर्डिंगमध्ये राहायचं, दहाला दिवे बंद, रविवारी चर्च सक्तीचं. सुरुवातीला हे मॉडेल म्हणून मिरवलं जायचं, मुली मासिक काढायच्या, व्याख्यानं ऐकायच्या, परदेशी पाहुणे बघायला यायचे. पण दिवस बारा तेरा तासांचा, आणि बाजारात भाव पडले की मजुरी कापायची. १८३४ मध्ये आणि परत १८३६ मध्ये मुलींनी संप केला, पहिला लगेच मोडला. मग १८४५ च्या आसपास सारा बॅगली वगैरेंनी पद्धत बदलली, अर्ज करायला लागल्या, दहा तासांचा दिवस हवा म्हणून हजारोंच्या सह्या. विधिमंडळाच्या कमिटीसमोर गिरणीतल्या मुलींनी साक्षी दिल्या, एका खोलीत किती तेलाचे दिवे जळतात, हवा कशी असते, जेवायला किती मिनिटं मिळतात. कमिटीने ऐकून घेतलं आणि अहवाल दिला की त्रास आहे हे खरं, पण तो दूर करणं आमचं काम नाही, मालक आणि कामगार आपसात बघून घेतील. कमिटीचा अध्यक्ष स्काउलर लॉवेलचाच आमदार. मुलींना मत नव्हतं, तरी त्यांनी त्याच्याविरुद्ध उघड प्रचार केला आणि तो त्या निवडणुकीत पडला. मॅसॅच्युसेट्समध्ये बायका आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला तो १८७४ मध्ये. पहिल्या अर्जातली मुलगी तोपर्यंत आजी झाली असेल.

(एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॉवेलमध्ये जो कापूस यायचा तो दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला, आणि लॉवेलचं जाडंभरडं कापड परत दक्षिणेत गुलामांच्या अंगावर जायचं, त्या कापडाला तिथे ‘लॉवेल्स’च म्हणायचे. म्हणजे ‘आदर्श गिरणी’चा धागा कुठून कुठे जातो बघा. पुढे त्याच प्रश्नावर यादवी झाली, दक्षिणेचा कापूस बंद पडला, आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला हे तुम्ही अभ्यासक्रमात वाचलंच असेल.)

१८६० मध्ये लॉरेन्स गावातली पेंबर्टन मिल अख्खीच्या अख्खी कोसळली, चालू शिफ्टमध्ये. ओतीव लोखंडाचे खांब नीट ओतलेले नव्हते, एका बाजूला जाड आणि एका बाजूला अगदी पातळ, त्यात मालकांनी मशिनरी ठासून भरलेली. रात्री ढिगाऱ्यात अडकलेल्यांना काढताना कंदील फुटून आग लागली. गंमत म्हणजे, गंमत कसली, खांब खराब होते हे चौकशीत निघालं तरी मालकांपैकी कुणाला शिक्षा झाली नाही. मात्र त्याच राज्याने १८६९ मध्ये कामगारांची आकडेवारी गोळा करायचं खातं काढलं, अमेरिकेतलं पहिलं, आणि १८७७ मध्ये फॅक्टरी इन्स्पेक्शनचा पहिला कायदा केला, मशिनच्या पट्ट्यांना आणि फिरत्या दांड्यांना गार्ड, लिफ्टच्या खड्ड्याला कठडा, आगीत बाहेर पडायला पुरेसे रस्ते. आधी मोजणारं खातं, मग बघणारा माणूस. हा क्रम मला पैशाच्या क्रमापेक्षा जास्त पटतो.

आपल्याकडचं समांतर सांगतो आणि लगेच परत येतो. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ मध्ये परळच्या सभा घेऊन गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज घेऊन उभे राहिले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या काही मँचेस्टरइतक्या श्रीमंत झालेल्या नव्हत्या.

आता फ्लॉरेन्स केली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं नाव, आणि परीक्षेच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात. जेन ॲडम्स यांनी शिकागोमध्ये १८८९ साली हल हाउस काढलं, म्हणजे शिकलेल्या बायका गरीब वस्तीतच जाऊन राहिल्या. केली १८९१ मध्ये तिथे आली, नवरा मारहाण करायचा म्हणून तीन मुलांना घेऊन न्यूयॉर्क सोडलेलं. तिने आजूबाजूच्या खोल्यांमध्ये चालणारी शिवणकामं दारोदार जाऊन मोजली. त्यातून इलिनॉयचा १८९३ चा कायदा झाला, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तास, आणि गव्हर्नर आल्टगेल्डने हिलाच चीफ फॅक्टरी इन्स्पेक्टर नेमलं. बाई इन्स्पेक्टर, १८९३ मध्ये, हाताखाली डझनभरही माणसं नाहीत आणि समोर शिकागो. खटले भरायला सरकारी वकील टाळाटाळ करतात हे बघून तिने स्वतः लॉची डिग्री घेतली. आमच्या लाइनमधला माणूस हे वाचून नुसता नमस्कार करतो.

आणि मग कोर्ट. १८९५ मध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने आठ तासांचं कलम उडवलं, कारण काय तर बाईला हवे तितके तास काम करायचा करार करण्याचं स्वातंत्र्य आहे. १८९७ मध्ये नवा गव्हर्नर आला आणि केलीची नोकरी गेली. १९०५ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांचे तास ठरवणारा कायदा याच कारणाने रद्द केला. मग केलीच्या कन्झ्युमर्स लीगने, म्हणजे ग्राहकांच्या संघटनेने, १९०८ मध्ये बायकांचे तास ठरवणाऱ्या ऑरेगॉनच्या कायद्याच्या केसमध्ये युक्ती बदलली. वकील ब्रँडाइस, आणि त्याची मेहुणी जोसेफीन गोल्डमार्क हिने जमवलेली माहिती, शंभराच्या वर पानांचं निवेदन, त्यात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानं आणि बाकी सगळे फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल, डॉक्टरांची मतं, देशोदेशींचे आकडे. जिंकले. त्यात ‘बाई दुबळी म्हणून’ असा सूर होता आणि तो पुढे बायकांनाच नडला हेही खरं, पण कोर्टात आकडे चालतात हे पहिल्यांदा दिसलं.

दुसरी बाजू, चटक्याची. त्या काळात कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दावा लावला तर मालकाच्या हातात तीन ढाली असायच्या. एक, धोका माहीत असूनही तू नोकरी घेतलीस. दोन, चूक तुझ्या सहकाऱ्याची होती, माझी नाही. तीन, थोडी चूक तुझीही होती. या तीनमधून कोण सुटणार? क्रिस्टल ईस्टमन नावाच्या वकील बाईने पिट्सबर्गच्या परिसरात, म्हणजे ॲलेगनी काउंटीत, जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षातले कामावरचे मृत्यू एकेक करून शोधले, ५२६ निघाले. तिच्याच कामावरून न्यूयॉर्कने १९१० मध्ये अमेरिकेतला पहिला सक्तीचा भरपाईचा कायदा केला, कुणाची चूक हे न बघता पैसे द्यायचे. राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. निकालाची तारीख २४ मार्च १९११. ट्रायंगलच्या आगीच्या आदला दिवस.

ही तारीख मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा तपासली.

आगीनंतर काय झालं यात नुसता ‘जनतेचा संताप’ लिहिला की मार्क मिळतात, पण संताप काही पहिल्यांदा झाला नव्हता. चारच महिने आधी नदीपलीकडे नेवार्कमध्ये कारखान्याला आग लागून पंचवीस बायका आणि मुली मेल्या होत्या. त्याआधी नोव्हेंबर १९०९ मध्ये क्लारा लेमलिक नावाच्या तेवीस वर्षांच्या पोरीने भरसभेत उठून यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, संपाचा ठराव मांडला आणि वीस हजार शर्टवेस्टवाल्या रस्त्यावर आल्या. त्यांना गुंडांनी मारलं, पोलिसांनी धरलं. बऱ्याच मालकांनी युनियनशी करार केला, ट्रायंगलने केला नाही, फेब्रुवारी १९१० मध्ये पोरी तशाच परत मशिनवर बसल्या. पुढच्या वर्षीची गोष्ट वर सांगितलीच.

खटल्यात मालक सुटले, डिसेंबर १९११. न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलं की नुसतं दाराला कुलूप होतं हे पुरेसं नाही, त्या क्षणी कुलूप आहे हे मालकांना माहीत होतं हे सिद्ध झालं पाहिजे. दोन तासांच्या आत निर्दोष. उलटतपासणीत हॅरिसला विचारलं होतं की चोरीला जाणाऱ्या मालाची किंमत किती होती, तर त्याने कबूल केलं की सगळी मिळून पंचवीस डॉलरच्या वर जाणार नाही. १९१३ मध्ये ब्लँक परत दाराला कुलूप लावल्याबद्दल सापडला, दंड वीस डॉलर.

मला स्वतःला एका युनिटमध्ये मागच्या एक्झिटला साखळी दिसली होती. मॅनेजर म्हणाला, साहेब, पीस जातात बाहेर. मी विचारलं महिन्याला किती जातात, तर त्याला सांगता येईना. हॅरिसला निदान आकडा तरी माहीत होता.

मग बदललं काय? ३० जून १९११ ला न्यूयॉर्कने फॅक्टरी इन्व्हेस्टिगेटिंग कमिशन नेमलं. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघेही टॅमनी हॉलचे, म्हणजे शहरातल्या त्या राजकीय मशिनचे, ज्यांच्या राज्यात दोन वर्षांपूर्वी संपकरी पोरींनी पोलिसांचा मार खाल्ला होता. सुधारणा सगळ्या स्वच्छ हातांनी होतात असं समजू नका. टॅमनीला दिसलं होतं की ज्या वस्त्यांमधून प्रेतयात्रा निघाल्या त्याच वस्त्यांमध्ये आपली मतं आहेत, आणि ५ एप्रिलला भर पावसात लाखावर माणूस रस्त्यावर चाललं होतं.

कमिशनसोबत काम करणारी फ्रान्सिस पर्किन्स, कन्झ्युमर्स लीगची म्हणजे केलीच्याच तालमीतली. आगीच्या दिवशी ती जवळच एका मैत्रिणीकडे चहाला आली होती, बंबांचा आवाज ऐकून धावत गेली आणि खिडकीतून पडणाऱ्या मुली तिने स्वतः पाहिल्या. तिने केलं काय, तर या पुढाऱ्यांना उचलून कारखान्यात नेलं. पहाटे रात्रपाळीतून सुटणाऱ्या बायका दाखवल्या, डबाबंद भाज्यांच्या शेडमध्ये राबणारी पाच सात वर्षांची पोरं दाखवली. एका ठिकाणी ‘फायर एस्केप’ अशी पाटी असलेल्या भिंतीतल्या भोकातून वॅग्नरला सरपटत बाहेर जायला लावलं, बाहेर बर्फ साचलेली शिडी आणि ती जमिनीच्या बारा फूट वरच संपलेली. पहिल्या वर्षात कमिशनने १,८३६ कारखाने तपासले, २२२ साक्षी घेतल्या. मी म्हणतो ते हेच, दार ढकलून बघणारा माणूस, फक्त या वेळी तो माणूस खुद्द आमदार होता.

त्यातून १९१४ पर्यंत तिशीच्या वर कायदे झाले. पंचवीसच्या वर लोक वरच्या मजल्यावर काम करत असतील तर फायर ड्रिल, सात मजल्यांच्या वर दोनशेहून जास्त माणसं असतील तर स्प्रिंकलर, सिगरेटला बंदी, कात्रणाला झाकणाची पेटी आणि रोज उचलणं, बाहेर उघडणारी दारं. लेबर डिपार्टमेंटची पुनर्रचना झाली, इन्स्पेक्टर वाढले, बारीकसारीक नियम करायला वेगळं बोर्ड आलं, म्हणजे प्रत्येक वेळी विधानसभेत जायला नको. बायकांसाठी आठवड्याला ५४ तासांचं बिल १९१२ मध्ये पास करताना कॅनरीवाल्यांना, म्हणजे त्या डबाबंद भाज्यांच्या कारखान्यांना, सूट द्यावी लागली. पर्किन्सने ऐनवेळी एकटीने ठरवलं की सूट देऊन का होईना बिल पदरात पाडायचं, केली आता चिडणार असं तिला वाटत होतं, केलीने उलट मिठी मारली. आणि भरपाईचा जो कायदा कोर्टाने उडवला होता त्यासाठी १९१३ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त केली आणि कायदा परत आणला. त्यानंतर अपघात झाला की मालकाचा विमा महागायला लागला, आणि मग मालक आपणहून विचारायला लागले की गार्ड कुठे लावू. माझ्या अनुभवात भाषणाने जे होत नाही ते प्रीमियमच्या एका कागदाने होतं.

पर्किन्स १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची लेबर सेक्रेटरी, म्हणजे कामगार मंत्री झाली, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. मुलांच्या मजुरीवर देशभराचा कायदा १९१६ मध्ये करून पाहिला होता, तो १९१८ मध्ये कोर्टाने उडवला होता, तो विषय मार्गी लागला १९३८ च्या कायद्यात, सोबत किमान वेतन ताशी पंचवीस सेंट. न्यू डील, म्हणजे रूझवेल्टचा सुधारणांचा कार्यक्रम, कधी जन्मली तर २५ मार्च १९११ ला, असं ती म्हणायची.

म्हणजे परीक्षेत लिहायचं झालं तर औद्योगिकीकरण आणि सुधारणा यांच्यामध्ये ऐंशी नव्वद वर्षं अर्ज, मोजणी, रद्द झालेले कायदे आणि हरलेले संप आहेत, ते गाळून ‘पैसा आला आणि सुधारणा झाली’ लिहू नका. आणि तुम्हाला अजूनही वाटत असेल की देश पुरेसा श्रीमंत झाला की दारं आपोआप उघडतात, तर एक गाव सांगतो. हॅमलेट, नॉर्थ कॅरोलायना, ३ सप्टेंबर १९९१. तोवर अमेरिका महासत्ता होऊन, माणूस चंद्रावर जाऊन, सेफ्टीचा राष्ट्रीय कायदाच वीस वर्षांचा होऊन गेलेला. चिकनवर प्रक्रिया करणारा कारखाना, तळायच्या तेलाजवळ हायड्रॉलिकची लाइन फुटून आग लागली, पंचवीस मेले. दारांना बाहेरून कुलपं होती, कोंबडी चोरीला जाते म्हणून. स्प्रिंकलर नव्हते. कारखाना चालू होऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत सेफ्टीचा एकही इन्स्पेक्टर तिकडे फिरकला नव्हता.